ते तुरळक ठिकाण

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी, बँकेच्या ग्रामीण शाखेत, मी शेतकर्जं पाहणारा अधिकारी होतो. मार्च महिना होता. सकाळी शाखा उघडायला गेलो तर पायरीवर आप्पा बसलेले. आप्पा म्हणजे आमचे जुने खातेदार. दोन एकर द्राक्षबाग, आणि हप्ता चुकवल्याची खात्यावर एकही नोंद नाही. आत आल्यावर त्यांनी पिशवीतून द्राक्षाचा एक घड काढून माझ्या टेबलावर ठेवला. निम्मे मणी फुटलेले, उरलेल्यांवर काळे डाग. रात्री गार पडली होती.

“साहेब,” आप्पा म्हणाले, “परवा रेडिओवर सांगितलं, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गारा पडतील. धुळ्यापासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख पडलाय. त्यांना तुरळक ठिकाण म्हणून माझीच बाग सापडली का?”

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही. त्यानंतर मी जे केलं ते तर त्याहून बरं नव्हतं. कर्जाची मुदत वाढवून मिळावी असा अर्ज आप्पांनी दिला. नियमाप्रमाणे मी तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंद मागवली. त्या रात्रीची नोंद होती ‘निरंक’. मी टिपण लिहिलं: ‘तालुक्याच्या ठिकाणी पावसाची नोंद नाही. नुकसान स्थानिक स्वरूपाचे.’ वरून अर्ज परत आला. आप्पांनी बैलजोडी विकली, घरातल्या पाटल्या मोडल्या आणि जूनच्या आत हप्ता भरला. माझ्या टिपणातला शब्द न् शब्द खरा होता. तरी ते टिपण अन्यायाचं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कारण पाऊस कसा तयार होतो आणि त्याचा अंदाज कसा बांधतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नसतं. ठाऊक असते ती फक्त हवामान खात्याची थट्टा.

एका आभाळाखालचे अनेक पाऊस

आपल्या भाषेत पावसाला किती नावं आहेत पाहा. भुरभुर, झिमझिम, पिरपिर, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव, अवकाळी. कृषिसंस्कृतीची श्रीमंती म्हणून आपण या शब्दांचं कौतुक करतो आणि तिथेच थांबतो. पण यातले बरेच शब्द वेगवेगळ्या जातींच्या पावसाचे आहेत. त्यांचा जन्मच वेगळ्या प्रकारे होतो. शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून जे शोधलं, त्यातलं बरंचसं आपल्या आज्यांनी ओट्यावर बसून ओळखलं होतं. कारण तेवढं त्यांना सांगता येत नव्हतं.

मुळात ढग म्हणजे वाफ नव्हे. ढग म्हणजे पाण्याचे अतिशय बारीक कण. हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातली वाफ धुळीच्या, धुराच्या किंवा समुद्री मिठाच्या कणावर बसते. असा ढगातला कण मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा. तो इतका हलका की खाली पडतच नाही, हवेच्या साध्या हालचालीवर तरंगत राहतो. जमिनीवर येणारा पावसाचा एक साधा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. ढग आले म्हणून पाऊस येत नाही, तो यामुळे. दहा लाख ठेवीदार एका खात्यात आणायचे आहेत, आणि ते आणायचे निसर्गाकडे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आपल्या सह्याद्रीचा. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा घाटाच्या भिंतीवर आदळतो आणि वर चढतो. तिथले ढग बरेचदा फार उंच नसतात. पाणी गोठण्याची पातळी पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरवर असते. या ढगांचे माथे पुष्कळदा तिच्या खालीच राहतात. म्हणजे त्यांत बर्फाचा संबंध नाही. थोडा मोठा कण खाली येताना लहान कणांना आपल्यात सामावून घेतो, आणखी मोठा होतो, आणखी वेगाने येतो आणि आणखी कण गोळा करतो. याला शास्त्रज्ञ उष्ण पाऊस म्हणतात. थेंब फार मोठे नसतात, वीज-गडगडाट जवळजवळ नसतो. पण दिवस न् दिवस थांबायचं नाव नाही. हीच आपली झड. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा थाटली, ती उगाच नव्हे. तिथे ढगच खिडकीतून आत येतो.

याच घाटाचं दुसरं अंग म्हणजे पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आलात की त्याहीपेक्षा पुष्कळ कमी. एसटीच्या एका तिकिटात तीन हवामानं. ‘सातारा जिल्ह्यात आज जोरदार पाऊस’ असं कुणी म्हटलं तर ते महाबळेश्वरला खरं आणि माण-खटावला थट्टा वाटेल. दोन्हीकडचे लोक बरोबर असतात.

दुसरा मार्ग पठारावरचा, मराठवाडा-विदर्भ-सोलापूरकडचा. इथे तापलेली जमीन हवेला सरळ वर फेकते. ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो, त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. गोठणपातळीच्या वर या ढगात एक विलक्षण प्रकार चालतो. पाणी शून्य अंशाखाली गेलं तरी लगेच गोठत नाही. बारीक कणांच्या रूपात ते उणे दहा, उणे वीस अंशालाही पाणीच राहतं. त्यांच्यात एखादा बर्फाचा कण तयार झाला, की तो आजूबाजूच्या पाण्याच्या कणांची वाफ स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यांच्या जिवावर फुगतो. मोठा झाला की खाली सुटतो, वाटेत गरम हवेत वितळतो आणि टपोरा थेंब होऊन आपल्या पत्र्यावर वाजतो. म्हणजे मे महिन्यातल्या लातुरात वळिवाचा जो थेंब आपल्या कपाळावर पडतो, तो काही मिनिटांपूर्वी बहुधा बर्फ होता! चित्रात काढतात तसा टोकदारही तो नसतो. लहान थेंब गोल असतो, मोठा थेंब खालून चपटा, बनपावासारखा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठा झाला तर पडता पडताच फुटतो.

कधी हा थेंब जमिनीपर्यंत पोहोचतही नाही. मे-जूनमध्ये मराठवाड्यात दूरवर ढगाखाली पावसाचा पडदा लोंबताना दिसतो आणि आपल्याकडे येतो नुसता गार वारा. खालची हवा इतकी कोरडी असते की पाऊस वाटेतच विरतो. आभाळाने चेक लिहिला, पण तो वटलाच नाही.

आणि गार? ती या दुसऱ्या घराण्यातलं वाया गेलेलं पोर. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापलेली असते, समुद्रावरून दमट वारा येत असतो आणि उत्तरेकडून पश्चिमी झंझावातांबरोबर वरच्या थरात थंड हवा येते. खालून आच आणि वर बर्फाची लादी. ढगात वर जाणारा झोत इतका जोरदार होतो की गोठलेला कण खाली येऊच शकत नाही. गोठणपातळीच्या वरचं ते न गोठलेलं पाणी त्याच्यावर थर देत राहतं. गार कापून पाहिली तर कांद्यासारखे थर दिसतात, एक काचेसारखा आणि एक दुधी. बोराएवढी गार तोलून धरायला वर जाणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटर लागतो. झोत ढिला पडला की गार सुटते. असा ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि वाऱ्याबरोबर सरकत जातो. म्हणून गारपिटीचा मार पुष्कळदा एका अरुंद पट्ट्यात बसतो. पट्ट्याच्या आत बाग उद्ध्वस्त, बांधापलीकडे पानही हललेलं नाही.

आप्पांची बाग त्या पट्ट्यात होती. तालुक्याचा पर्जन्यमापक नव्हता. आणि समजा तो पट्ट्यात असता, तरी त्याने सांगितलं काय असतं? पर्जन्यमापक मोजतो ते पाणी. दहा मिनिटांची गार वितळून भरेल तीन-चार मिलिमीटर. बागेचं काय झालं ते त्या आकड्यात उमटत नाही.

जाता जाता हिवाळ्यातल्या एका बातमीबद्दल. थंडी पडली की वेण्णा तलावाकाठी ‘हिमकण’ दिसल्याची छायाचित्रं दरवर्षी छापून येतात आणि पर्यटक गाड्या काढतात. ते हिम नव्हे, गोठलेलं दव. दव आभाळातून पडत नाही. रात्री गार झालेल्या गवतावर आणि टपांवर हवेतली वाफच बसते. खेड्यात त्याला दहिवर म्हणतात. पडतं ते आणि बसतं ते, हा फरक आपल्या लोकांनी केव्हाच केलेला आहे.

सिमला ऑफिस आणि आपली थट्टा

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. पुण्याबाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो, पुण्यात सिमला कुठून आलं? भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. त्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि ते पुढे दिल्लीला गेलं तरी पुणेकरांनी नाव सोडलं नाही. नावाबरोबर थट्टाही टिकली. ‘खात्याने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवा,’ हा विनोद मी शाळेत ऐकला आणि परवा नातवाच्या तोंडूनही ऐकला.

पण खातं नेमकं काय सांगतं, हे आपण कधी नीट ऐकलं आहे का? ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द मोघम वाटतो, पण तो मोघम नाही. त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्या वर. ‘जोरदार’चेही आकडे ठरलेले आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात.

बँकेच्या माणसाला ही भाषा कळायला हवी होती, कारण आम्ही तीच भाषा बोलत होतो. शंभर कर्जं वाटली की त्यातली चार-पाच बुडणार, हे मला अनुभवाने माहीत असे. कोणती, ते माहीत नसे. उद्या कुणी विचारलं असतं की ‘या गृहस्थांचं कर्ज बुडेल का?’ तर मी ‘सांगता येत नाही’ म्हणालो असतो. त्यावर मला कुणी अडाणी म्हटलं नसतं. हवामान खातं नेमकं तेच म्हणतं, आणि आपण हसतो.

शिवाय आपण ज्या पावसाबद्दल विचारतो त्याची जातही पाहायला हवी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं तर ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, दिवसेंदिवस चालतं आणि त्याचा माग काढता येतो. असा पाऊस तीन-चार दिवस आधी सांगता येतो आणि अलीकडे पुष्कळदा बरोबर येतो. वळिवाचा एकटा ढग मात्र तासाभरात जन्मतो आणि मरतो. तो उद्या दुपारी चार वाजता कुणाच्या बांधावर उभा राहील, हे आज कुणीही सांगू शकत नाही. फार तर उद्याची हवा असे ढग व्हायला पोषक आहे, एवढं सांगता येतं. पहिला अंदाज चुकला तर खात्याला जाब विचारा. दुसऱ्याबद्दल जाब विचारणं म्हणजे भट्टीवर बसलेल्याला कुठला पॉपकॉर्न आधी फुटेल हे विचारण्यासारखं आहे.

मुंबईकरांना हे २६ जुलै २००५ ला कळलं. मी तेव्हा फोर्टमधल्या कचेरीत होतो. संध्याकाळी नेहमीसारख्या छत्र्या घेऊन आम्ही निघालो, तर लोकलगाड्या बंद. का, ते कळेना, कारण आमच्याकडे साधा पावसाळी दिवस होता. चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि सांताक्रूझला ९४४. दोन वेधशाळांत सरळ अंतर वीस-बावीस किलोमीटर. त्या रात्री ‘मुंबईत पाऊस किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नव्हतं.

त्यानंतर खूप काही बदललं. मुंबईत आज कुलाबा आणि वेरावली अशी दोन डॉपलर रडारं आहेत. रडारमुळे पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज देता येतो. वळिवाच्या बाबतीत तोच खरा उपयोगी. पण रडारलाही मर्यादा आहेत. त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. दोनशे किलोमीटरवर किरण जमिनीपासून चार किलोमीटर उंच गेलेला असतो, मध्ये सह्याद्री आडवा येतो तो वेगळाच. म्हणून घाटातला तो बुटका, उष्ण पाऊस दूरच्या रडारला पुष्कळदा नीट दिसतच नाही. संगणकावरचे अंदाजही सुधारले. पुण्यातल्याच संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधी बारा किलोमीटरचे चौकोन धरून गणित होत असे, आता सहाचे. प्रगती मोठी आहे. तरीही गारेचा पट्टा त्या एका चौकोनात मावून जाऊ शकतो.

आकडा कुणाच्या बाजूचा?

हे सगळं मी कुतूहल म्हणून सांगत नाही. पावसाच्या आकड्यावर आज लोकांचे पैसे अवलंबून आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हा मदतीसाठीचा नेहमीचा निकष. कागदावर तो नेटका दिसतो. आता जरा हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकरभर रानावर ६५ मिलिमीटर म्हणजे दोन लाख साठ हजार लिटर, दहा हजारी टँकरचे सव्वीस टँकर. हे पाणी दिवसभरात झिरपत आलं तर सोयाबीन सावरेलही. पण वळिवाच्या ढगाने साठ मिलिमीटर एका तासात ओतले, तर माती बांध फोडून ओढ्याला जाते. पहिला शेतकरी निकषात बसतो, दुसरा बसत नाही. पावसाची जात आकड्याला दिसत नाही.

नियम बदलूच शकत नाहीत असं नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ हीदेखील आपत्ती मानली. म्हणजे आजीची झड शेवटी सरकारी कागदावर आली. मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. राज्यात ती दोन हजारांहून अधिक आहेत आणि माझ्या काळच्या तालुक्याच्या एका नळकांड्याच्या मानाने ही क्रांतीच आहे. तरीही एका मंडळात सरासरी वीसएक गावं येतात. केंद्र ज्या गावात आहे तिथला पाऊस बाकीच्या एकोणीस गावांच्या नावावर मांडला जातो. ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याची योजना जाहीर झालेली आहे. तिचा पाठपुरावा आमदारांनी करावा, आणि वर्तमानपत्रांनीही. रस्ता झाला नाही तर आपण आवाज करतो. पर्जन्यमापक बंद पडला तर कुणाला पत्ता नसतो.

पण मला यंत्रांपेक्षा जास्त काळजी वाटते ती माणसाची. अंदाज दिल्ली-पुण्याहून निघतो. तो गावातल्या माणसाला समजेल असा करून कोण सांगणार? हे काम करायला जिल्ह्याजिल्ह्यांच्या कृषी विज्ञान केंद्रांत हवामान-सल्ला केंद्रं काढली होती. देशभरात ती १९९ होती. तिथला तरुण शास्त्रज्ञ आठवड्यातून दोनदा तालुकावार सल्ला काढायचा. उद्या पावसाची शक्यता आहे, फवारणी थांबवा. कापलेलं सोयाबीन झाका. २०२४ च्या मार्चअखेर ही केंद्रं बंद केली गेली. ती पुन्हा सुरू करण्याविषयी नंतर बोललं गेलं. पण ज्या वर्षी केंद्र सरकारने हवामानशास्त्रासाठी ‘मिशन मौसम’ची घोषणा केली, त्याच वर्षी अंदाज आणि शेतकरी यांच्यामधला दुभाषा घरी पाठवला गेला. काटकसर मलाही कळते, आयुष्यभर मी तेच केलं. मात्र वसुली अधिकारी ठेवून पाहणी अधिकारी कमी करणाऱ्या बँकेचं पुढे काय होतं, तेही मी पाहिलं आहे.

दुभाषा गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. आज गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर स्वयंघोषित अंदाजकार आहेत. ते टक्के सांगत नाहीत. ‘चौदा ते अठरा, धो धो पाऊस, ओढे-नाले एक होणार,’ असं ठासून सांगतात, तेही बांधावर उभं राहून आपल्या बोलीत. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात याचं मला आश्चर्य वाटत नाही. पंचांगातल्या नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, यावरही आपण विश्वास ठेवत आलोच. पावसाळ्यातल्या कुठल्याही चार दिवसांत महाराष्ट्रात कुठेतरी धो धो पाऊस पडतोच. जिथे पडला तिथले लोक जयजयकार करतात, जिथे नाही पडला तिथले विसरून जातात. शास्त्रज्ञ मात्र ‘शक्यता’ म्हणतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो. खरं बोलणाऱ्याची भाषा रुक्ष आणि ठोकून देणाऱ्याची रसाळ, ही अडचण आहे. तिचा दोष शास्त्रज्ञांकडेही जातो.

इशाऱ्यांच्या रंगांचंही तेच झालं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हा रंग किती मिलिमीटर पडेल एवढंच सांगत नाही, नुकसानीची शक्यता किती हेही त्यात धरलेलं असतं. शहरात त्याचा अर्थ झाला शाळेला सुट्टी. लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडलं की आपण खात्याची टिंगल करतो. विम्याचा हप्ता भरला आणि वर्षभरात घर जळलं नाही, म्हणून कुणी विमा कंपनीवर हसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नद्यांनी पात्रं सोडली. सीनाकाठच्या गावांत पाणी घरांत शिरलं. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईत बसून इशाऱ्यांवर विनोद करणं कुणाला सुचलं नसेल.

मग रविवारी सकाळी चहा घेताना हा अंदाज वाचावा कसा? मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. एक, हा पाऊस कुठल्या घराण्यातला, समुद्राकडून पसरून येणारा की दुपारी फुटणारा? पहिला असेल तर अंदाज तीन दिवस आधी वाचावा, दुसरा असेल तर दोन तास आधी. दोन, ‘कुठे’च्या पुढे काय लिहिलं आहे, तुरळक की बहुतांश? आणि तीन, चूक झाली तर मला किती महागात पडेल? छत्री नेणं स्वस्त आहे, म्हणून ‘तुरळक’लाही न्यावी. लग्नाचा मांडव महाग आहे, म्हणून ‘काही ठिकाणी’ला ताडपत्री सांगून ठेवावी. फवारणीचं औषध त्याहून महाग. पावसात धुऊन गेलं तर पैसे गेलेच, पाठोपाठ डावणी आली तर बागही गेली. एकाच अंदाजावर तीन घरांत तीन निर्णय होतील आणि तिन्ही बरोबर असतील. हवामान खातं निर्णय देत नाही, देऊही नये. ते जोखीम सांगतं.

गेल्या वर्षांत मी त्या गावी गेलो होतो. आप्पा आता नाहीत. बाग नातू पाहतो. त्याच्या मोबाइलवर नारिंगी इशारा आला होता. त्याने मला विचारलं, “काका, गार पडणार का नाही, ते एका शब्दात सांगा.”

“एका शब्दात कुणीच सांगणार नाही,” मी म्हणालो. “पण पडलीच तर तुझं किती जाईल?”

त्याने मनाशी हिशेब केला. एका एकरावर प्लास्टिकचं आच्छादन होतं, तिथे चिंता नव्हती. दुसऱ्या एकरातला तयार माल त्याने व्यापाऱ्याशी बोलून, किलोमागे थोडा तोटा सोसून, दुसऱ्याच दिवशी उतरवला. त्या संध्याकाळी आभाळ काळं झालं, वारा सुटला, चार थेंब पडले आणि संपलं. मला अपराधी वाटलं. तो हसून म्हणाला, “राहू द्या काका. गेल्या साली विमा काढला होता, तेव्हाही काही झालं नव्हतं.”

गार पडली होती ती तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या एका वाडीत. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर एक ओळ होती: तुरळक ठिकाणी गारपीट. ती ओळ मी दोनदा वाचली. त्या वाडीतलाही कुणीतरी त्या सकाळी बँकेच्या पायरीवर जाऊन बसला असेल. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने तालुक्याचा आकडा मागवण्याआधी एकदा बागेत जाऊन यावं, एवढंच मला त्याला सांगायचं आहे.